लिंबराजच्या कपाळावरची बाई

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. दाखल्यावर वय वेगळं आहे, पण तो दाखला मास्तरांनी अंदाजानं लिहिला. मी जन्मलो तेव्हा आई हजर होती, मास्तर नव्हते. म्हणून मी आईचं धरतो. तर त्या साली, पाऊस सरत आला असताना, आमच्या समोरच्या लिंबराजनं मला रोज सकाळी ठेंगा दाखवायला सुरुवात केली.

साधा ठेंगा नाही. अंगणाच्या मधोमध उभं राहायचं, उजवा हात ताठ पुढं करायचा, अंगठा वर, आणि तो नेमका माझ्या तोंडावर धरायचा. वरनं मान हलवायची. न्हाई, न्हाई, न्हाई. कपाळावर पटक्याच्या घडीत मोबाइल खोवलेला, नवरदेवाला बाशिंग बांधावं तसा. आणि त्या बाशिंगातनं एक बाई बोलायची, "छान! आपण उत्तम करत आहात."

एक म्हातारा मला ठेंगा दाखवतो आणि कपाळावरची बाई त्याला शाबासकी देते. माणसानं काय समजायचं, तुम्हीच सांगा.

लिंबराज माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सरकारनं आमचं गाव उचलून माळावर मांडलं. घरं सगळी एका मापाची, कवायतीला उभ्या केल्यासारखी रांगेत. त्या रांगेत माझ्या दारासमोर लिंबराजचं दार आलं. तेव्हापासून सकाळी उठून पहिलं तोंड बघतो ते त्याचं. एखादा दिवस चांगला गेला तर ती देवाची कृपा.

हा माणूस बनीम रचणारा. कडब्याच्या पेंढ्या एकावर एक लावून घराएवढी उंच गंज करतात, तिला आमच्याकडं बनीम म्हणतात. खालनं चौघं पेंढ्या फेकायचे आणि वर लिंबराज एकटा. आधार कशाचा नाही. पायानं पेंढी दाबायची, गिरकी घ्यायची, दुसरी झेलायची, ती कोपऱ्याला बसवायची. वारं सुटलं तरी हा वर उभा, मंदिराच्या कळसासारखा. माकणीपासून जळकोटापर्यंत लोक त्याला न्यायला यायचे. त्याची बनीम पावसानं भिजली असं कुणी सांगावं, मी मिशी काढीन.

या धंद्यानं त्याला एक खोड लावली. जगात जे काही उभं आहे ते ओळंब्यात आहे का, हे बघायची. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतो, तो ओळंबा. लिंबराजला दोरी लागत नाही. एक डोळा मिटायचा, मान जरा मागं घ्यायची आणि निकाल द्यायचा, "वळंब्यात न्हाई."

विजेचा खांब वळंब्यात न्हाई. सरपंचाची टोपी वळंब्यात न्हाई. आमच्या घरी आला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग रामराम. स्वतःच्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना हा पुढं झाला आणि जावयाचं बाशिंग सरळ करून आला. जावयाला वाटलं सासरा काहीतरी मानाचं करतोय, त्यानं वाकून नमस्कार घातला. बाशिंग परत वाकडं. हा परत गेला.

गावात एक म्हातारा वारला. तिरडी बांधून झाली. लिंबराज म्हणाला, "डावीकडनं उतरती हाय."

मी म्हणालो, "लिंबा, गप. मेलेल्याला काय कळायलंय?"

"कळंना म्हनूनच सांगायलोय. जित्ता असता तर त्यानंच सांगितलं असतं."

तिरडी सोडून परत बांधली. लोकांनी मला बोल लावला, तू कशाला त्याला बोलतं केलंस म्हणून.

त्याच्या दाराच्या चौकटीला एक खडा टांगलेला आहे. नव्या घरात राहायला आला त्याच दिवशी त्यानं तो दोरीला बांधून टांगला. येता-जाता त्याच्याकडं बघतो. खडा हलला म्हणजे जमीन हलली, असा त्याचा हिशेब. भूकंप झाला तो गणपती उठल्याच्या रात्री, म्हणून आमच्या भागात ते दिवस आले की लोक जरा सावध झोपतात. त्याच्यावर कुणी हसत नाही. लिंबराज मात्र बारा महिने सावध.

माझी सवय त्याच्या उलट. सकाळी चूळ भरली की मी ओट्यावर खांबाला टेकून बसतो. ऊन पायाच्या बोटांवर येईपर्यंत उठत नाही, मान वळवत नाही. कुणी हाक मारली तर त्यानं समोर यावं. मला त्यात बरं वाटतं, कारण सांगता येणार नाही. लिंबराज समोरनं ओरडायचा, "ऊठ की लेका, मुळ्या फुटत्याल!"

मी म्हणायचो, "तू वर चढतूस, म्या खाली बसतो. पडणार कोन, ते आपुन बघू."

आता बघा.

भाद्रपदातली दुपार. निम्मे लोक जेवून आडवे झालेले, निम्म्यांच्या चुली अजून पेटलेल्या. लिंबराजही झोपला होता. त्यानं कूस बदलली आणि छत फिरायला लागलं. त्यानं दाराकडं बघितलं, तर खडा गरागरा फिरतोय. हा चार पायांवर बाहेर आला आणि गल्लीत उपडा पडून ओरडला, "हललं! भाईर या! हललं!"

गल्ली रिकामी झाली. माझी बायको गोदा पिठाच्या हातानं आली. एकजण अर्धी दाढी घोटलेला, गालावर फेस. कुणाच्या तव्यावरची भाकरी जळल्याचा वास सुटला, पण आत जायची कुणाची छाती होईना. लिंबराज दोन्ही मुठींत चिखल धरून पडलेला, जमीन निसटून जाईल म्हणून धरावी तसा.

मी त्याच्या दाराकडं बघितलं. खडा जागेवर. केसभर हललेला नाही.

मी म्हणालो, "लिंबा, खडा बघ. जिमीन जागंवर हाय. तुझं डोस्कं फिरलंय."

कुणीतरी हसलं. मग सगळी गल्ली हसली. ते त्याला हसले नाहीत, वाचलो म्हणून हसले. पण चिखलात पडलेल्या माणसाला त्यातला फरक कसा कळावा? तो ओकत होता. ओकता ओकता त्यानं माझ्याकडं एक डोळा मिटून बघितलं. दुसरा उघडायची त्याच्यात ताकद नव्हती. पण मला वाटलं, हा मला ओळंब्यात धरून बघतोय आणि निकाल आला.

त्याची लेक मंगल सोलापूरला दिलेली. एकुलती एक. ती येऊन त्याला घेऊन गेली. तिथल्या कानाच्या डॉक्टरनं सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळायची जागा असते, ती एका बाजूनं दुखावली, म्हणून डोक्यात सगळं फिरतंय. म्हणजे मी जे गल्लीत उभा राहून सांगितलं तेच, फक्त गादीच्या खुर्चीवर बसून. गोळीनं चक्कर थांबेल, डॉक्टर म्हणाला, पण तोल व्यायामानंच यायचा.

लिंबराज परत आला तो काठी, मोबाइल आणि माझ्याशी अबोला घेऊन.

मंगल दोन दिवस राहिली. जाताना आमच्या गोदाला म्हणाली, "काकू, फोनात व्यायाम घालून दिलाय. बाई बोलती, तसं अण्णांनी करायचं. बरं केलं तर माझ्या फोनात हिरवं दिसतंय, बिघडलं तर लाल. दिवाळीपातूर सुधारलं तर ऱ्हावं इथं. न्हाईतर एकटं न्हाई ठेवणार मी. पडून-बिडून ऱ्हायले तर कोन बघंल?"

गोदानं हे मला सांगितलं. एक गोष्ट मला माहीत होती. लिंबराज लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. जुनी रीत आहे, आता कुणी पाळत नाही, हा पाळतो. सोलापूरला गेला तर घरनं पाण्याची बाटली नेणार आणि संध्याकाळच्या बसनं माघारी. दवाखान्यातले दिवससुद्धा त्यानं दवाखान्याच्या नळावर काढले. त्याला लेकीच्या दारात कायमचं बसवणं म्हणजे बनीमीवरचा माणूस खाली ओढणं.

दुसऱ्या दिवसापासून बाई सुरू झाली.

ती शहरातली असावी. शुद्ध बोलायची, घाई नाही, आवाज चढवायची नाही. लिंबराजनं पहिल्या दिवसापासून तिचा मान ठेवला. पटका बांधल्याशिवाय तिच्यापुढं उभा राहायचा नाही. धोतर बदलायचं असलं की फोन उपडा ठेवायचा. तंबाखू थुंकायची असली तर, "थांबा बाई, आलोच," म्हणून कोपऱ्यात जायचा. बाई थांबायची नाही. ती तिकडं "आता डावा पाय उचला" म्हणायची आणि हा कोपऱ्यातनं ओरडायचा, "अवो, आलो म्हनलं की! बाईमानसाला जरा दम नसावा?"

"छान!" बाई म्हणायची.

"काय छान? पाय कुठं उचललाय अजून? उगं तोंडदेखलं बोलू नगा."

पण सुधारत होता, ते खोटं कशाला बोलू. आधी भिंत धरून उभा राहायचा, मग काठी धरून, मग काठी बाजूला ठेवून. आणि एकदा का काठी सुटली, तेव्हा तो अंगठा वर आला.

व्यायाम म्हणजे काय ते मला माहीत आहे. जोर, बैठका, सूर्यनमस्कार. ठेंगा दाखवणं हा कुठल्या तालमीतला व्यायाम? आणि अंगठाच का, याचंही कारण मला ठाऊक होतं.

मी दुसरी पास आहे. सही करतो. 'व्यंकट'मधलं जोडाक्षर पुष्कळांना येत नाही, मला येतं. पंचायतीत, सोसायटीत, कुठंही मी शाई लावून घेतली नाही. मग रेशनला ते मशीन आलं. दुकानदार म्हणाला, अंगठा. मी म्हणालो, सही करतो. तो म्हणाला, मशीनला सही कळत नाही. मी म्हणालो, मग शिकव तिला. रांग खोळंबली. शेवटी घरात ज्वारी नव्हती म्हणून अंगठा टेकवला. माझ्या मागं रांगेत लिंबराज होता. म्हणाला, "व्यंकट, लागला का शेवटी अंगठा?" तेव्हापासून भांडण कशावरही असो, याचं शेवटचं उत्तर ठरलेलं. बोलायचं नाही, नुसता अंगठा वर करायचा.

म्हणून मी समजलो ते वेड्यासारखं नव्हतं. कुणीही तेच समजला असता.

अबोल्यात थेट बोलता येत नाही. मी गोदाला गल्लीच्या मध्यावर उभी केली आणि म्हणालो, "इचार त्याला, ठेंगा कुनाला?"

गोदा म्हणाली, "लिंबाभाऊ, हे इचारायलेत, ठेंगा कुनाला?"

लिंबराजनं मान हलवायचं थांबवलं नाही. कपाळावरच्या फोनला म्हणाला, "बाई, आपलं चालू द्या. गल्लीत आवाज लई हाय."

माझी बायको आणि त्याची बाई. तेव्हापासून आमचं जे काही झालं ते या दोघींच्या तोंडून.

दुसऱ्या आठवड्यात नवीन नाटक. लिंबराज त्याच्या दारापासून निघाला, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच चिकटवत. पाऊल, त्याला लागून पाऊल, त्याला लागून पाऊल. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, नजर समोर. गल्ली ओलांडून माझ्या ओट्यापर्यंत आला, एक डोळा मिटून ओट्याची कड बघितली, तोंडात पुटपुटला आणि तसाच माघारी.

अशी पावलं गावात माणूस एकाच कामाला टाकतो. जागा मोजायला. माझा ओटा गल्लीत वीतभर पुढं आला आहे, ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. ओटा बांधला तेव्हा मातीच्या पाट्या त्यानंच उचलल्या होत्या. आता आजारपणात बसून याला सुचलं ते हे.

मी गोदाला म्हणालो, "हा अर्ज करणार माझ्यावर."

गोदा म्हणाली, "अवो, त्यांचा व्यायाम असंल."

"जिमीन मोजायचा व्यायाम?"

"तुमी एकदा त्यांना नीट इचारा की."

"त्याचं त्यानं सांगावं. म्या का इचारू?"

दुसऱ्या दिवशी पहाट होताच मी ओट्याच्या पुढं खांबाला दोरी बांधली आणि तिच्यावर आमची मोठी वाकळ टाकली. चांगली जाड, पाच लुगड्यांची. समोरचं काही दिसेना. म्हणजे त्याला मी दिसेना. मी वाकळीमागं खांबाला टेकून बसलो, रोजच्यासारखा.

पलीकडनं बाईचा आवाज आला, "नजर स्थिर ठेवा." मग धप्पकन काहीतरी. बाई म्हणाली, "हरकत नाही. पुन्हा प्रयत्न करूया."

असं रोज ऐकू यायला लागलं. हरकत नाही. पुन्हा प्रयत्न करूया. "छान" बंद झालं. गोदा येऊन सांगायची: आज विजेच्या खांबाकडं तोंड करून उभे राहिले, झोक गेला. आज लिंबाच्या झाडाकडं बघत होते, वारं आलं, बसले खालीच. एके दिवशी म्हणाली, "आज पडले. गुडघा फुटलाय. काठी परत हातात आली."

मी म्हणालो, "पडणारच."

त्या दिवशी मी भाकरी अर्धीच खाल्ली. गोदानं ती कडक केली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी पांढरी गाडी येऊन समोर उभी राहिली. मंगल उतरली. तिच्या फोनात लाल दिसायला लागलं होतं. दिवाळी अजून लांब होती, पण गुडघा फुटला कळल्यावर लेक कशाची दिवाळी बघते? संध्याकाळपर्यंत तिनं बापाचे कपडे, पांघरूण, देवाचा टाक सगळं पिशव्यांत भरलं. पिशव्या दारात, टांगलेल्या खड्याच्या खाली. सकाळी निघायचं ठरलं. गाडीवाला देवळात झोपायला गेला.

दिवेलागणीची वेळ. मी वाकळीमागं होतो. गोदा माझ्या शेजारी वाती वळत बसली होती. समोरच्या अंगणात बाप-लेक. गल्ली काही रुंद नाही, इकडचं तिकडं सगळं ऐकू जातं.

मंगल म्हणाली, "अण्णा, सारखं हिरवं येत हुतं. मी ह्यांना म्हनलं बी, अण्णा दिवाळीला बनीमीवर चढत्यात का काय. अन् एकदम असं कसं झालं?"

लिंबराज नुसता खाकरला.

"सांगा की. गोळी चुकवली? जेवलं न्हाई? कायतरी झालंच असंल."

लिंबराजनं पटक्यातनं फोन काढून समोर धरला असावा, कारण नंतरचं सगळं तो बाईशी बोलला.

"बाई, तुमीच सांगा हिला. तुमी काय म्हनला हुता? अंगठा धरा, अन् अंगठ्याच्या मागं लांबची, न हलणारी वस्तू धरा. तिच्यावरनं नजर काडू नगा. म्हनला हुता का न्हाई? आता न हलणारी वस्तू म्या कुठनं आणू? झाड हलतंय. तार हलती. खांबाचं म्हनाल तर भूकंपाच्या दिवशी खांबच आधी पडले हुते. भिताडाकडं तर मला बघवतच न्हाई बाई, भिताड काय करतंय ते म्या बघितलंय."

मंगल म्हणाली, "अण्णा, फोनाला काय सांगायलाव..."

"तू गप. म्या बाईशी बोलायलोय. तर बाई, समोर एक बसतंय. सकाळी बसलं का ऊन पायावर येईस्तोवर हलत न्हाई. मुळ्या फुटल्यागत. त्या दिवशी बी तसंच बसलं हुतं. आमची कौशी, हिची आय, माळवदाच्या मातीखाली. म्या हातानं माती उकरायलो. जिमीन मदनंमदनं अजून हादरायली, लोकं पळायलेत, समदे म्हनायलेत उठा, माळावर चला. हे माझ्यापशी येऊन बसलं. एक शब्द बोललं न्हाई. माझी पोरगी मांडीवर घिऊन दिवस मावळंपातूर बसलं. हललं न्हाई. आता समदं फिरायलंय बाई माझ्या डोस्क्यात. तेवढं एक फिरत न्हाई. म्हनून त्याच्यावर अंगठा धरतो. त्याला वाटतंय ठेंगा. वाटू द्या. दुसरीच पास हाय, त्याला काय कळणार."

बाई म्हणाली, "क्षमा करा, मला समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

"पुन्हा? ते काय पुन्हापुन्हा बोलायचं असतंय व्हय?" आणि त्यानं फोन उपडा ठेवल्याचा आवाज आला.

गोदाच्या हातातली वात तशीच राहिली. ती माझ्याकडं बघत होती. मी समोर वाकळीकडं बघत होतो.

त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. बसलो असेन. पाय थकले असतील. माझ्या घराचंही काही उरलं नव्हतं, जायचं तरी कुठं होतं? पोरीच्या तोंडात माती गेली होती ती मी बोटानं काढली, आणि तिनं माझं बोट चावलं, एवढं आठवतं.

मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. मी मोठ्यानं म्हणालो, "गोदे, सांग त्याला, वाकळ वाळत घातलीय. वाळली म्हंजी निघंल."

गोदा म्हणाली, "वाकळ कवाच वाळलीय."

"मग वाळलीय म्हनून सांग."

गोदानं ओरडून सांगितलं, "लिंबाभाऊ, वाकळ वाळलीय म्हनायलेत!"

मग लिंबराजचा आवाज, फोन परत सुलटा करून बोलल्यासारखा. "बाई, लोकांच्या वाकळा वाळल्या काय अन् भिजल्या काय, आपल्याला काय करायचं?"

मंगल गल्ली ओलांडून आली. वाकळीचं टोक उचलून आत बघितलं. तिचं नाक लाल झालं होतं. चार वर्षांची असताना माझं बोट चावणारी ती हीच का, असं मला वाटून गेलं. दात तसेच आहेत.

"आबा," ती म्हणाली, "उद्या सकाळचा व्यायाम मी सोता बघते. गाडीवाल्याला सांगते, घाई करू नगंस म्हनून."

मी म्हणालो, "गाडीवाल्याचं तू बघ. मला काय सांगतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूळ भरली, वाकळ काढून घडी केली आणि ओट्यावर खांबाला टेकून बसलो. पिशव्या समोर दारात तशाच होत्या. मंगल उंबऱ्यावर फोनात बघत बसलेली. तिच्यापुढं चहाचा कप. लिंबराज पटका बांधून, कपाळावर बाई खोवून अंगणात आला. काठी त्यानं भिंतीला टेकवली, एक डोळा मिटून ती सरळ आहे का बघितली, जरा उजवीकडं सरकवली. मग हात ताठ केला आणि अंगठा वर.

मान हलवायच्या आधी म्हणाला, "बाई, समोरची वस्तू डावीकडं कललीया."

मी सरळ बसलो.

"आता चालू द्या," तो म्हणाला.

मान हलायला लागली. न्हाई, न्हाई, न्हाई. गोदानं माझा चहा आणून शेजारी ठेवला, "घ्या, निवंल," म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं नाही. ऊन गल्लीतनं सरकत ओट्याच्या कडेला आलं. पुढं वीतभर बांधलाय म्हणून तिथं जरा लवकर येतं. नाकावर माशी बसली. बसू दिली.